शिंकलं की लघवी निसटते, बाळ साडेतीन महिन्यांचं झालंय. डिलिव्हरीनंतर फिजिओ लावलेल्या कोणी आहेत का?

अबोली:
मैत्रिणींनो, हे लिहू की नको करत चार दिवस गेले. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, नॉर्मल डिलिव्हरी, टाके पडले होते, बाळ ३ किलो ४०० ग्रॅमचं. टाके भरले, दूधही भरपूर आहे, बाकी सगळं छान चाललंय पण शिंकले, खोकले, जोरात हसले की लघवी निसटते. परवा बाळाला इंजेक्शनला नेलं होतं, परत येताना पाऊस आला म्हणून भांडुप स्टेशनपासून रिक्षा स्टँडपर्यंत थोडंसंच पळाले तर सलवार ओली झाली, ओढणी पुढे घेऊन घरी आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन महिन्यांनी ऑफिस सुरू होईल, म्हणजे सकाळी ८ ची लोकल, करी रोडचा जिना, दिवसभर मीटिंगा, हे कसं जमायचं कळत नाहीये. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या होतं असं, हळूहळू कमी होईल. आई म्हणते आमच्या वेळीही व्हायचं, बायकांना असतंच. सासूबाई म्हणतात पोट नीट बांधलं नाहीस. एका मैत्रिणीने सांगितलं की यासाठी वेगळ्या फिजिओ असतात. मला वाटायचं फिजिओ म्हणजे गुडघे, फ्रोझन शोल्डर, अॅक्सिडेंट. कोणी जाऊन आलंय का? तिथे नक्की काय करतात?

सातसत्तावन्न:
अबोली, आधी एक घट्ट मिठी. मला पहिल्या मुलाच्या वेळी अगदी हेच झालं होतं आणि मी दीड वर्ष पॅड लावून ऑफिसला गेले, कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. दुसऱ्या वेळी सहाव्या महिन्यापासूनच फिजिओकडे गेले आणि फरक जमीन अस्मानाचा. तू साडेतीन महिन्यांतच विचारतेयस हे फार चांगलं केलंस.

परळची_फिजिओ:
नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं झाली, त्यातली गेली ८ वर्षं फक्त गरोदर आणि बाळंतीण बायकांसोबत काम करते. ऑनलाइन तपासणी होत नाही त्यामुळे इथे जे लिहितेय ते समजून घेण्यासाठी आहे, तपासून घ्यायलाच हवं.

अबोली, "होतं असं" हे खरं आहे, खूप जणींना होतं. पण खूप जणींना होतं म्हणून ते सोसत राहायचं हे मला मान्य नाही. ताप पण सगळ्यांना येतो, आपण औषध घेतोच ना.

बघ, ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. पुढे जांघांच्या मधलं हाड आणि मागे माकडहाड, या दोन टोकांच्या मध्ये बांधलेली. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांचा भार त्या झोळीवर. नऊ महिने तिच्यावर वजन वाढत जातं, आणि नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचं डोकं बाहेर येताना यातले काही स्नायू आपल्या लांबीच्या तिप्पट वगैरे ताणले जातात. हाताचा किंवा पायाचा कुठलाही स्नायू इतका ताणला असता तर आपण प्लास्टर घालून बसलो असतो, सगळे भेटायला आले असते. इथे मात्र तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना चहा. शिंकताना पोटातला दाब एकदम खाली येतो, झोळी सैल असली की मूत्रमार्ग वेळेवर आवळला जात नाही आणि थेंब निसटतो. यात तुझी काही चूक नाही आणि पोट बांधलं नाहीस म्हणूनही हे झालेलं नाही.

पहिल्या भेटीत आम्ही आधी नुसतं बोलतो. डिलिव्हरी कशी झाली, कळा किती वेळ द्यायला लागल्या, टाके, पोट साफ होतं का, पाणी किती पितेस, बाळाला पाजताना कशी बसतेस, संबंध सुरू झाले असतील तर दुखतं का. मग श्वास, पाठ, पोटाची फट (म्हणजे पोटाचे पुढचे स्नायू मधून बाजूला झालेत का) बघतो. आणि टाके पूर्ण भरले असतील आणि तुझी परवानगी असेल तरच ग्लोव्ह्ज घालून एका बोटाने आतून तपासणी, म्हणजे स्नायू आवळतोय का, किती वेळ धरतो, नीट सुटतो का ते कळतं. नको म्हणालीस तर बाहेरूनही बरंच समजतं, कोणी जबरदस्ती करत असेल तर तिथून उठून यायचं.

कोकणकन्या:
पोट बांधण्याबद्दल मात्र मला बोलायचंय. आमच्याकडे आजीने माझं पोट सव्वा महिना सुती नऊवारीच्या पट्टीने बांधलं, रोज मालीशवाली बाई, शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं व्यवस्थित झालं आणि मला काही त्रास झाला नाही. जुनं सगळं चुकीचं ठरवायची आजकाल फॅशन झालीय, त्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं केली आहेत.

परळची_फिजिओ:
कोकणकन्या, मी जुनं सगळं टाकून द्या म्हणणाऱ्यांतली नाही. बाळंतिणीला सव्वा महिना कोणी हातात ताट देतंय, जड उचलू देत नाही, अंग चोळून देतंय, ही आपल्याकडची फार मोठी गोष्ट आहे. पट्ट्याचं एवढंच, की सिझरनंतर पहिले काही दिवस उठताबसताना, खोकताना बेताचा पट्टा असला तर टाक्यांना आधार वाटतो, चालायला धीर येतो, तेवढा चांगला. पण श्वास अडकेल इतका करकचून बांधला तर पोटातला दाब जाणार कुठे, तो खालीच जातो, त्याच ताणलेल्या झोळीवर. ट्यूब मधोमध दाबली की पेस्ट टोकाकडूनच येते ना, तसं. आणि पट्ट्याने सुटलेले स्नायू जुळत नाहीत, ते काम स्नायूंनाच करायला लागतं.

मालीशबद्दल दोन गोष्टी जीव तोडून सांगते. सिझरच्या टाक्यांवर आणि पोटावर जोर देऊन चोळायचं नाही. आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. एकच पोटरी सुजली, दुखते, गरम किंवा लाल वाटते असं झालं तर ती मालीशवालीच्या हातात द्यायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला, छातीत दुखलं तर एक मिनिट थांबायचं नाही. म्हणूनच आम्ही सव्वा महिना निजून राहा म्हणत नाही, पहिल्या दिवसापासून पलंगावर पावलं वरखाली करायला लावतो आणि डॉक्टर हो म्हणाले की घरातल्या घरात चालायला.

कोकणकन्या:
पोटरीचं मला माहीत नव्हतं. माझ्या वहिनीची पुढच्या महिन्यात तारीख आहे, मालीशवाल्या मावशींनाही हे सांगून ठेवते. त्या ऐकतील, समजूतदार आहेत.

रनिंग_शूज:
माझा अनुभव उलटा आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. मी डिलिव्हरीनंतर रील बघून बघून किगल, म्हणजे तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, सुरू केले, दिवसाला दोनशे दोनशे, ट्रेनमध्ये, सिग्नलला, भाजी चिरताना. दोन महिन्यांत बरं वाटायच्या ऐवजी खाली सतत ठणका, संबंधांच्या वेळी चाकू लागल्यासारखं दुखायचं, लघवीला बसलं तरी पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही. मुलुंडला एका फिजिओकडे गेले तर त्या म्हणाल्या तुझे स्नायू सैल नाहीतच, चोवीस तास आवळलेले आहेत, तू मूठ उघडायलाच विसरलीस. दीड महिना मला एकही किगल करू दिलं नाही. फक्त पोटाने श्वास, बालासन, उताणं झोपून गुडघे बाजूला सोडायचे आणि खालचा भाग सैल सोडायला शिकायचं. ते सोडायला शिकणं मला आवळण्यापेक्षा कठीण गेलं, खरं सांगते. आता पाच महिन्यांनी दुखणं जवळजवळ गेलंय. म्हणून प्लीज आधी तपासून घ्या मग करा.

परळची_फिजिओ:
रनिंग_शूज, हे लिहिलंस ते फार बरं झालं. हा व्यायाम डॉ. अर्नोल्ड किगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये मांडला तेव्हा त्यांनीही तो नुसता पाठ म्हणून दिला नव्हता, स्नायू किती आवळतोय हे मोजायचं एक छोटं उपकरण बनवलं होतं, बाईला आकडा दिसायचा, मग कळायचं बरोबर जमतंय का. आज आपण मोजणं विसरलो आणि फक्त व्यायामाचं नाव लक्षात ठेवलं.

ज्यांचे स्नायू खरोखर सैल आहेत त्यांच्यासाठी सांगते. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून. आधी पोटभर श्वास घ्यायचा. श्वास सोडताना, वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखतोय असं करून आतला भाग वर उचलायचा. मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, पोट कडक करायचं नाही, श्वास धरायचा नाही, चेहरा शांत. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता आलं तरी चालेल, हळूहळू आठ ते दहापर्यंत न्यायचं. आणि मग पूर्ण सोडायचं, जेवढा वेळ धरलं तेवढाच वेळ सोडून थांबायचं, सोडणं हा व्यायामाचा अर्धा भाग आहे. असं दहा वेळा, नंतर दहा वेळा पटकन आवळ सोड. दिवसातून तीनदा. निदान तीन महिने, कारण स्नायूला ताकद यायला तेवढा वेळ लागतोच, आठ दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करायचा नाही, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न व्हायची सवय लागते.

अबोली, अजून एक लगेच करण्यासारखं. शिंक येतेय असं कळलं की शिंकायच्या आधी आवळायचं आणि शिंक होईपर्यंत धरायचं. बाळाला उचलतानाही तसंच, आधी श्वास सोडत आवळ, मग उचल. आणि निसटतं म्हणून पाणी कमी करू नकोस, लघवी घट्ट झाली की मूत्राशय अजून चिडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथण्याने सगळा जोर परत खालीच.

नवाबाबा:
मी पुरुष आहे, इथे लिहिणं योग्य आहे का माहीत नाही, पण धागा रात्री दोनला बाळाला खांद्यावर घेऊन वाचला. बायकोचं सिझर होऊन सात आठवडे झालेत. ती रोज संध्याकाळी मनगट धरून बसते, अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखतं की बाळाचा लंगोट बांधताना डोळ्यांत पाणी येतं. ती म्हणते अशक्तपणा आहे, जाईल. हे यातच येतं का? आणि मी काय करू शकतो?

परळची_फिजिओ:
योग्यच आहे दादा, असे अजून चार जण आले पाहिजेत. हे यातच येतं. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा एल सारखा ताठ बाहेर काढून दिवसातून तीस चाळीस वेळा तोच झटका बसतो, अंगठा हलवणारे दोरीसारखे स्नायूबंध मनगटाशी ज्या नळीतून जातात तिथे सूज येते. स्विस सर्जन द क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव या दुखण्याला आहे. तिला सांगा, तळहात वर करून सूप धरतो तसं बाळाच्या खाली दोन्ही हात घालून उचलायचं, अंगठा बोटांना चिकटवून. पाजताना हात अधांतरी नको, मांडीवर उशा रचून बाळ छातीपर्यंत वर आणायचं, आपण बाळाकडे वाकायचं नाही. अंगठ्यासकट आधार देणारा स्प्लिंट मिळतो, तो फिजिओला विचारून. बर्फ दहा मिनिटं, कपड्यात गुंडाळून.

आणि तुम्ही काय करू शकता ते तुम्हाला कळलंय, रात्री दोनला बाळ तुमच्या खांद्यावर आहे. रात्रीचं ढेकर काढणं, लंगोट बदलणं तुम्ही घेतलंत की तिच्या मनगटाचे पंधरा वीस झटके वाचले. आंघोळीच्या पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, पिंपातलं पाणी, हे तिला सध्या उचलू देऊ नका. आणि तिच्यासोबत फिजिओकडे आत बसा, बाहेर बाकावर नको.

सातसत्तावन्न:
माझं पोटाच्या फटीबद्दल राहिलंच. पहिल्या मुलानंतर वर्षभर लोक विचारायचे दुसरं आहे का. मी जिममध्ये जाऊन पोटाचे क्रंचेस मारले आणि पोट मधोमध डोंगरासारखं वर यायला लागलं. ते चुकीचं होतं हे नंतर कळलं. नवव्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकीच्या पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू मधून बाजूला होतातच, बाळाला जागा लागते. डिलिव्हरीनंतर ते बऱ्याच जणींचे आपोआप जवळ येतात, काहींचे येत नाहीत. उताणं झोपून, गुडघे वाकवून, डोकं थोडं उचलून बेंबीपाशी बोटं आडवी ठेवली तर फट लागते. दोन बोटांपेक्षा जास्त असेल आणि तळाशी मऊ मऊ लागत असेल तर दाखवायचं. माझी साडेतीन बोटं होती. आधी फक्त श्वास सोडत बेंबी आत ओढणं, मग टाच सरकवणं, मग एकेक पाय उचलणं असं करत पाच महिन्यांनी दीड बोट झाली, आणि पाठ दुखायची ती थांबली, मला तेच जास्त महत्त्वाचं होतं.

सातवा_महिना:
मी अजून बाळंत व्हायचीय, ३० वा आठवडा. मला पुढच्या हाडापाशी आणि मागे एका बाजूला कमरेखाली इतकं दुखतं की रात्री कुशी बदलताना ओरडते. दादरचा पूल चढताना एकेक पायरी मोजते. घरी म्हणतात जितकं चालशील तितकी डिलिव्हरी सोपी, रोज मांडी घालून बस, जमिनीवर बसून भाजी निवड. हे करू का?

परळची_फिजिओ:
आत्ता नको. गरोदरपणात सांधे थोडे सैल होतात, वजन पुढे जातं, आणि कमरेच्या हाडांच्या कड्याला, पुढच्या सांध्याला किंवा मागच्या दोन सांध्यांना ताण पडतो. चालणं वाईट नाही पण दुखत असताना एकेका पायावर भार देणारं सगळं ते वाढवतं. सलवार, लेगिंग उभ्याने घालायची नाही, बसून घाल. कुशी बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून, मध्ये उशी दाबून, लाकडाचा ओंडका वळतो तसं खांदे कंबर एकदम वळव. पलंगावरून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली आणि हाताने रेटून उठ. पायऱ्यांवर एका वेळी एकच पायरी, चढताना कमी दुखणारा पाय पुढे, उतरताना दुखणारा. मांडी घालणं, उकिडवं बसणं सध्या बंद, खुर्चीवर बसून भाजी निवडली तरी भाजी निवडलीच जाते. कमरेला खालून धरणारा पट्टा मिळतो, फिजिओ मापाने बसवून देईल, बऱ्याच जणींना त्याच दिवशी चालताना हलकं वाटतं.

आणि लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढायची परवानगी आहे, हक्काने जा. पोट दिसत नसेल तर डॉक्टरांचा कागद फोनमध्ये ठेव.

ज्यांना त्रास नाही आणि डॉक्टरांची मनाई नाही त्यांना गरोदरपणात व्यायाम चांगलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय, आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा. रक्त गेलं, पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं, पोट सारखं कडक व्हायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर व्यायाम थांबवून थेट हॉस्पिटल. आणि शेवटच्या तिमाहीत झोपताना कुशीवर, उताणं नको, पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, घाबरल्यासारखं होतं.

वसुधा_मावशी:
मुलींनो, मी ६४ वर्षांची आहे. सुनेने हा धागा वाचून दाखवला, मग म्हटलं मला लिहायचंय, तीच टाइप करतेय, मी सांगतेय.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, तिसरा माळा, संडास गॅलरीच्या टोकाला. नळ पहाटे यायचा. माझ्या धाकट्याचा जन्म १९८४ चा, तो ४ किलोचा होता. सव्वा महिना संपला त्या दिवसापासून मी कळशा भरायला लागले. साधारण तीन महिन्यांनी मला खाली काहीतरी आल्यासारखं वाटायला लागलं, संध्याकाळपर्यंत उभं राहिलं की बोराएवढं काहीतरी हाताला लागायचं. मला वाटलं कॅन्सर. कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा ओळखलं, म्हणाल्या अंग बाहेर येतं काहींचं, बोलायचं नसतं. लघवी रोखता यायची नाही. रात्री गॅलरी ओलांडून जाईपर्यंत धीर नसायचा म्हणून मी दाराआड एक डबा ठेवायचे आणि सगळे उठायच्या आत धुऊन यायचे. तो डबा मी २२ वर्षं धुतला. लग्नाला जायचं तर आदल्या दिवसापासून पाणी नाही. गाडीने गावाला जायचं म्हटलं की पोटात गोळा.

५८ व्या वर्षी सुनेच्या डिलिव्हरीच्या वेळी तिच्यासोबत फिजिओकडे गेले, बाहेर बसले होते, भिंतीवर चित्र होतं. मी तिथल्या फिजिओ मुलीला विचारलं हे जे खाली आलंय चित्रात ते माझं आहे का. तिने मला आत नेलं. पुढे डॉक्टरांनी तपासून, खाली आलेलं वर धरायला रबराची रिंग बसवली, ऑपरेशन नको म्हटलं मी, आणि त्या मुलीने व्यायाम शिकवले. या वयात आवळणार काय असं वाटलं होतं, पण आवळतं. आता मी दादर ते अलिबाग बोटीपर्यंत, बोटीतून पुढे, सगळीकडे जाते आणि पाणी पिते.

अबोली बाळा, तुझ्या आईचा राग करू नकोस. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

अबोली:
मावशी, तुमचं वाचून मी आईला फोन केला. तिला सरळ विचारलं, तुला अजूनही होतं का. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, हो. मला पुढे काही बोलता आलं नाही.

शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय.

जांभळी_छत्री:
माझी बहीण फ्रान्समध्ये असते. तिथे डिलिव्हरीनंतरच्या तपासणीला डॉक्टर ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाची सेशन्स लिहूनच देतात आणि पैसे सरकारी विम्यातून जातात. तिला ते विचारायलाही लागलं नाही. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळायला लागली, ती फार मोलाची आहे, पण डिस्चार्जच्या कागदावर लसींची तारीख, लोहाच्या गोळ्या, सगळं असतं, आईच्या या स्नायूंबद्दल माझ्या कागदावर एक ओळ नव्हती. मुंबईत खाजगीत मला एका सेशनचे ९०० पडले, सगळ्यांना परवडणार नाही. ज्यांना नाही जमत त्यांनी कुठे जायचं?

परळची_फिजिओ:
केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपीचे विभाग आणि कॉलेजं आहेत, केसपेपर काढून ओपीडीत जाता येतं. आपल्या देशात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकात केईएमपासूनच सुरू झालं. आधी स्त्रीरोग ओपीडीत दाखवून तिथून फिजिओसाठी लिहून घ्या, सगळ्याच विभागांत आतून तपासणी करणारी व्यक्ती रोज असेल असं नाही म्हणून खिडकीवर विचारून घ्या. खाजगीत जाताना एक बघा, आपल्या राज्यात फिजिओंची कौन्सिल आहे, नोंदणी नंबर विचारायला लाजू नका. पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेले इन्स्ट्रक्टर आणि फिजिओ एक नाहीत.

रोज एक अशी दहा सेशन्सची पॅकेजं लगेच घेऊ नका. सर्वसाधारण केसमध्ये सुरुवातीला आठवड्याला एकदा, मग पंधरा दिवसांनी, बाकी काम घरी. जी फिजिओ तुम्हाला घरचं शिकवून हळूहळू स्वतःपासून सोडवते ती चांगली.

अबोली:
बारा आठवड्यांनी परत आले. मध्ये ऑफिस सुरू झालं, बाळ आजारी पडलं, लिहायला सवड मिळाली नाही.

पहिल्या दिवशी फिजिओने एका छोट्या मशीनला जोडून स्क्रीनवर दाखवलं, मी आवळते तेव्हा रेघ वर जायला हवी होती आणि ती खालीच जात होती. म्हणजे मी इतके दिवस जे करत होते ते आवळणं नव्हतं, कुंथणं होतं. ते बघून धक्काच बसला. दोन आठवडे फक्त रेघ वर न्यायला शिकण्यात गेले. मग चार सेकंद, मग सहा, आता नऊ धरता येतात. टाक्यांच्या जागी एक कडक दोरीसारखी जागा होती, तिथे बोटाने हलकं मालीश करायला शिकवलं, ती मऊ झालीय. संडासला बसताना पायाखाली छोटं स्टूल घेते, कुंथत नाही. मध्ये एक आठवडा सर्दी खोकला झाला तेव्हा सगळं परत पहिल्यासारखं झालं, फार निराश झाले होते, त्या म्हणाल्या खोकला गेला की ताबा येईल परत, आणि आला.

काल संध्याकाळी करी रोडला गाडीत शिरले, लेडीज डबा खचाखच, कोणीतरी मोगऱ्याचा मोठा गजरा माळला होता तो माझ्या नाकासमोर. एकामागोमाग तीन शिंका आल्या. पहिलीच्या आधी आवळलं, तिन्ही होईपर्यंत धरलं. कोरडी राहिले. त्या गर्दीत डोळे भरून आले, शेजारच्या बाईने विचारलं काय झालं गं, म्हटलं काही नाही, मोगरा.

पळणं अजून जमत नाही, थोडं निसटतं. पळणं, उड्या आत्ता थांबव, आधी ताकद, मग तपासून सुरू करू असं त्यांनी सांगितलंय. पॅड मात्र गेल्या सोमवारपासून लावत नाही.

आई पुढच्या आठवड्यात येतेय. तिच्यासाठी सायनला जायचा विचार आहे, तिला खाजगीतला खर्च पटत नाही. वसुधा मावशी, पहिल्यांदा जाताना तिला काय सांगू? ती घाबरलीय.

वसुधा_मावशी:
सकाळी लवकर जा, जुने कागद घ्या. सैल कपडे घालायला सांग. लघवी किती वेळा होते, रात्री किती वेळा उठते हे तीन दिवस वहीत लिहून ठेवायला सांग, तिथे विचारतात आणि ऐनवेळी आठवत नाही. आणि आत जाताना तू तिच्याबरोबर जा. तिने नको म्हटलं तरी दारापर्यंत जा.